पायीआत्याला चालत जाता येईल असा डॉक्टर

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. ताट झाकून ठेवलंय, आई दोनदा हाक मारून गेली, तरी मी टाइप करतेय, कारण उद्यावर ढकललं तर मी शहाणी होईन आणि मग काहीच लिहिणार नाही. माझ्या आत्याबद्दल आहे. पप्पांची थोरली बहीण. अख्खा गाव तिला पायीआत्या म्हणतो, कारण ती कुठल्याच गाडीत बसत नाही. एसटी नाही, जीप नाही, रिक्षा नाही, पप्पांच्या मोटरसायकलवर मागं नाही, एवढंच काय, बैलगाडीतसुद्धा नाही. तालुक्याला, केजला बाजाराला जायचं? पायी. कुणाच्या लग्नाला जायचं? पायी, तेही आदल्या दिवशी निघून. आम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, साडीच्या निऱ्या चुरगाळून पोचायचो, तर ही तिथं आधीच कांदे चिरत बसलेली असायची!

आमच्या गावावरून केजला जाणाऱ्या जीपवाल्यांना तर ती रोजची करमणूक होती. त्यातला बाबू म्हणून एक पोरगा तिच्या शेजारी आणून जीप मुद्दाम हळू करायचा. "आत्या, बसा की. पैसं घेत न्हाई!" आत्या मान पण वळवायची नाही. म्हणायची, "तूच ये माझ्या मागं मागं. वाट चुकशील न्हाईतर." आतली सगळी माणसं हसायची, बाबू हॉर्न वाजवून पुढं जायचा. पण जवळून बघितलंय मी तिला त्या वेळी. इंजिनचा आवाज मागून आला की ती रस्त्याच्या कडेला सरकायची आणि जे हाताला लागेल ते धरायची. बाभळ, दगड, माझा दंड. माझ्या दंडावर तिची बोटं उमटायची.

आधी ती अशी नव्हती. दसरा झाला की आत्या आणि मामा ऊसतोडीला जायचे (मामा म्हणजे तिचा नवरा, आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात). नवराबायको मिळून एक कोयता मोजतात, तसा त्यांचा कोयता. एका साली कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावाकडं निघाले. ट्रॉलीत खाली संसार, संसारावर माणसं. एका वळणावर ट्रॉली उलटली. मामा जागेवर गेले. आत्याचा हात मोडला. तिला आमच्या घरी ॲम्ब्युलन्सनं आणलं, तेवढी तिची शेवटची गाडी. ती आमच्याकडंच राहिली, हात जुळला. चालायला लागली आणि मग चालतच राहिली. कुणी म्हणलं, एवढं कशाला चालता, गाडीनं लवकर पोचाल, तर तिचं एक ठरलेलं उत्तर होतं. "मला घाई न्हाई. घाई होती ती सगळी ट्रॉलीत गेली."

आता खरी अडचण सांगते. तिला एकच लेक, सोनी. सोनीचं लग्न आमच्या दारात झालं म्हणून निभावलं, पण सासर आष्टीकडं. आष्टी म्हणजे आमच्याच जिल्ह्याचं दुसरं टोक, नगरच्या बाजूला. आत्यानं लेकीचं घर कधी बघितलंच नव्हतं. लेकच यायची. मग सोनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, सगळं ठरलेलं, पण तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं की हिला हलवायचं नाही, पाठीवर पडून राहायचं. सोनीचा फोन आला, "आई, मला येता येत न्हाई. तूच ये गं." आत्या म्हणाली, "येते की!" फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला म्हणाली, "पोरी, मला गाडीत बसाया शिकव."

मी कॉलेजात होते, मोबाइल माझ्या हातात, मला वाटलं यात काय एवढं! नुकताच एक रील बघितला होता, त्यात सांगत होते की अशा धक्क्याला ट्रॉमा म्हणतात, त्याचे वेगळे थेरपिस्ट असतात, बोलून बोलून बरं करतात. मी टाकलं मोबाइलवर, जवळचा थेरपिस्ट. पहिला आला पोरांची स्मरणशक्ती वाढवायचा क्लास. दुसरं दारू सोडवायचं केंद्र. तिसरे फिजिओथेरपीवाले, गुडघ्याला शेक देणारे. मग मला आठवलं, अरे, तालुक्याला जाताना एक पाटी दिसते की, मोठ्या लाल अक्षरात ट्रॉमा लिहिलेली! एवढ्या जवळ आणि आम्हाला माहीतच नाही! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चालत तिथं गेलो. माझ्या पायाला फोड आले, आत्या गाणं म्हणत होती.

तो हाडांचा दवाखाना निघाला. अपघाताच्या पेशंटचा. कंपाउंडरनं विचारलं, "कुठं मोडलंय, मावशी?" आत्या म्हणाली, "मोडल्यालं नीट झालं, बाबा. बाकीचं बघता का तुमी?" त्याला काही कळलं नाही, त्यानं आत पाठवलं, आत डॉक्टरांनी जुन्या हाताचा एक्सरे काढला आणि हाड झकास जुळलंय म्हणून सांगितलं. येताना आत्यानं रस्त्यात थांबून तो एक्सरे सूर्यासमोर धरला. "बघ गं, यात मी भ्यालेली दिसते का कुठं?" मी हसले. तीही हसली. तेव्हा अजून बरेच महिने हातात होते ना.

घरी वेगळंच. आई म्हणायची, "डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायली म्हणून सोनीच्या सासरी कळलं तर? पोरीला बोलून खातील." पप्पा म्हणायचे, "धसका बसलाय. निघून जाईल." शेजारचीनं लिंबू उतरवायचं काढलं, तर पप्पांनी तिला बाबासाहेबांच्या फोटोकडं बोट करून गप्प केलं. ते बरोबरच केलं, पण मग दुसरं काय करायचं ते पप्पांनाही सांगता येईना. आत्या मात्र कुणालाच नाही म्हणायची नाही. तिची ती सवयच. तिला कुणी उपाय सांगितला की ती म्हणायची, "करून बघू की. माझं काय जातंय?"

सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस मनाचे डॉक्टर यायचे. बाहेर ही रांग! फिट येणारी पोरं, दारू पिणाऱ्यांच्या बायका, गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेली एक म्हातारी. डॉक्टर खरंच चांगले होते. आत्याचं ऐकलं, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळ्यांनी झोप लागेल, धडधड कमी होईल. पण हिला कुणीतरी शिकलेलं माणूस लागेल, आठवड्याला तासभर बसणारं. मला इथं एवढा वेळ मिळत नाही, तू बघतेसच." मी विचारलं, मग कुठं जायचं? ते म्हणाले, "बीड, लातूर, नाहीतर संभाजीनगर. गाडीनं नेता येईल ना?" मग त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं नाव पुकारलं.

गोळ्यांनी आत्याला झोप लागली, खरंय. पण ती दिवसापण पेंगायला लागली, चालताना झोकांड्या खायची, एकदा पुलावर कठडा धरून बसून राहिली. मला म्हणाली, "गोळी घेतली की भ्या जात न्हाई गं. मीच जाते कुठंतरी." मग मी मोबाइलवरची मॅडम शोधली. पुण्याच्या, व्हिडिओवर बोलणाऱ्या. आवाज इतका गोड की मलाच रडू आलं. पण आमचं घर दोन खोल्यांचं. आत्या मोबाइलसमोर बसली, मागं आई, दारात शेजारीण, खिडकीत पोरं. मॅडमनी विचारलं, "कसं वाटतंय तुम्हाला?" आत्या म्हणाली, "लई छान! तुमी बऱ्या हायत का? च्या घेतला का?" परक्या माणसाला पहिल्याच भेटीत आपलं रडगाणं सांगायचं नसतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. मॅडम विचारतायत, ही त्यांचीच विचारपूस करतेय! शेवटी मी सगळ्यांना बाहेर काढलं.

मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा. हळू श्वास घ्या. आता तुम्हाला जिथं सगळ्यात शांत वाटलं होतं ती जागा आठवा. आत्यानं डोळे मिटले. चेहरा एकदम सैल पडला तिचा, मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं, मला वाटलं, झालं, सापडलं! आणि मग ती थरथरायला लागली. दात वाजायला लागले. नेमकी त्याच वेळी रेंज गेली. मॅडमचं तोंड अर्धं उघडं तसंच पडद्यावर थांबलं, आणि मी आत्याला धरून बसले. मग ती म्हणाली, "शांत जागा म्हणल्या त्या. मला ट्रॉलीच आठवली. उसाच्या हिरव्या वाढ्यावर पडलेलो, अंगावर गोधडी, तुज्या मामाच्या खांद्यावर माजं डोकं. त्याच्यावानी शांत मला कदीच वाटलं न्हवतं. आन् मग वळण आलं." मॅडमचा परत फोन आला होता, त्या बिचाऱ्या माफी मागत होत्या. आत्यानं फोन घेतला नाही. पहिल्यांदा तिनं कुठल्या उपायाला नाही म्हणलं.

हां, आता ऐका, कारण इथं खरंच सापडलं होतं माणूस! कॉलेजच्या आमच्या मॅडमनी एका ताईचा नंबर दिला. ताई अंबाजोगाईला राहायची, एका संस्थेच्या कामासाठी बाजारच्या दिवशी केजला यायची. हेच शिकलेली, धक्का बसलेल्या माणसांसोबत काम करायचं. मी आत्याच्या कानाला फोन लावला, आत्या सवयीनं "जयभीम" म्हणाली, आणि पलीकडून "जयभीम, आत्या" आलं. आत्या सरळ होऊन बसली. ताईनं कसं वाटतंय ते विचारलंच नाही. विचारलं, "कुठल्या कारखान्याला जायचा तुमी?" तिची आई पण ऊसतोडीला जायची! दोघी मोळी कशी बांधायची, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) कुणाला विकायचं, पाचट अंगाला कसं कापतं, यावर बोलत बसल्या. मी बाजूला बसून मोबाइलची बॅटरी बघत होते. शेवटी ताई म्हणाली, "आत्या, गाडीत बसायचंच न्हाई. नुसतं गाडीच्या बाजूला बसू. येता का?" आत्या म्हणाली, "त्याला काय लागतं! येते की."

मग दर बाजाराला आत्या चालत केजला जायची. स्टँडच्या मागं कडुलिंबाखाली बाबूची जीप उभी, बंद. हो, तोच बाबू. मी विचारलं तर म्हणाला, "आत्या बसणार असल्या तर जीप आठवडाभर लावतो इथं, सांग की." आधी नुसतं शेजारी बसणं. मग टायरला हात लावणं. मग दार उघडून पायरीवर टेकणं. ताई कसलीच गडबड करायची नाही. आत्या थांबली की तीही थांबायची, शेंगा सोलत. एका बाजारी आत्या आतल्या सीटवर बसली! दार उघडं, इंजिन बंद, दोन्ही हातांनी पुढची सीट गच्च धरलेली, कपाळावर घाम, पण बसली! बाबू बाहेरून ओरडला, "चला, नेकनूर, मांजरसुंबा, बीड!" आणि आत्या इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "मुडद्या, आदी तिकीट तर फाड!" त्या दिवशी घरी येताना ती सोनीच्या बाळासाठी टोपडं शिवायचं कापड घेऊन आली. पुढच्या बाजारी इंजिन चालू करायचं ठरलं होतं.

पुढच्या बाजारी ताई आली नाही. तिच्या संस्थेचं इथलं काम संपलं होतं, तिला नाशिककडं पाठवलं. तिनं स्वतः फोन केला, रडत होती, म्हणाली मी फोनवर करीन, आपण थांबवायचं नाही. केलं पण काही दिवस. पण लिंबाखाली बाजूला बसून शेंगा सोलणं फोनवर कसं होणार? मी खूप चिडले, म्हणलं, असं अर्ध्यात सोडून कोण जातं! आत्याच मला समजावायला लागली. "तिकडंबी कुणी आसंल की गाडीतून पडल्यालं. माज्या एकटीसाठी ती कशाला थांबंल?" तिच्या जागी दुसरं कुणी आलं नाही. मी कुठं कुठं फोन केले! एक म्हणाले पेशंटला घेऊन या. दुसरे म्हणाले पेशंटला घेऊन या. सगळे हेच म्हणाले.

आणि मग सोनीच्या नवऱ्याचा फोन आला. दिवस भरायच्या आधीच पोट दुखायला लागलं होतं, तिला दवाखान्यात नेलेलं. पप्पांनी बाबूला बोलावलं, जीप दारात आली. आत्या नवं लुगडं नेसून बाहेर आली, टोपडं पिशवीत. न थांबता जीपमध्ये चढली आणि सीटवर बसली. बाबूनं आरशातून तिच्याकडं बघितलं, "आत्या, करू का चालू?" ती म्हणाली, "कर." त्यानं चावी फिरवली. पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. ती दुसऱ्या बाजूच्या दारातून खाली पडली होती, गुडघे फुटलेले, आणि मामांना हाका मारत होती. उतरा, उतरा म्हणत होती. बाबूनं जीप बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

जरा वेळानं ती उठली. लुगडं झटकलं. म्हणाली, "निगते मी." पप्पांना कळलं. त्यांनी चप्पल घातली आणि तिच्याबरोबर चालायला लागले. आष्टी! आम्ही एसटीनं गेलो तरी दिवस मोडतो! पप्पांचा रोज फोन यायचा, आज मांजरसुंब्याच्या पुढं आहोत, आज एका शाळेत मुक्काम, आत्याच्या पायाला सूज आहे पण थांबत नाही. पाटोद्याच्या अलीकडं असताना जावयाचा व्हिडिओ कॉल आला. मुलगी झाली होती, फारच लहान, काचेच्या पेटीत ठेवलेली. हॉटेलच्या बाकड्यावर बसून आत्यानं पप्पांच्या मोबाइलवर तिला बघितलं. तेवढंच. ती आष्टीला पोचायच्या आधी बाळ गेलं होतं, मातीपण झाली होती.

तिथलं पप्पांनी सांगितलं. सोनी नुसती तोंड भिंतीकडं करून पडून राहिली. आत्या तिच्या पायाशी बसली. पप्पा परत आले, एसटीनं. आत्या तिथंच राहिली. आमच्या गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की लेकीसाठी माय एवढं चालली, धन्य ती माउली, आणि खाली सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. मला मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला. धन्य काय! तिला चालायचंच नव्हतं! तिला गाडीत बसून लेकीजवळ वेळेत पोचायचं होतं, आणि ती सीटवर बसायला शिकली होती, शिकली होती हो! एक माणूस लिंबाखाली अजून काही बाजार बसलं असतं तर!

आता आम्ही फोनवरच भेटतो. आज संध्याकाळी व्हिडिओ लावला होता. आत्या ओट्यावर बसली होती, मागून ट्रॅक्टर गेला, तर तिनं खांब धरला. मी म्हणलं, आत्या, तिकडं कुणी शोधू का? ती म्हणाली, "शोध की. माझं काय जातंय?" पण तोंडावर काहीच नव्हतं. सोनी सांगत होती, हल्ली ती पायीसुद्धा कुठं जात नाही. माझं आष्टीच्या जवळचं सगळं बघून झालं. सगळ्यात जवळचं नगरला दाखवतंय, आणि नगर म्हणजे गाडी. ताईला पण मेसेज केला, ती म्हणाली ओळखीत विचारते. ती विचारेल. मला माहीत आहे काय उत्तर येणार.

म्हणून तुम्हाला विचारतेय, खरंच विचारतेय. ज्याची भीती वाटते त्यातच बसून भीतीच्या डॉक्टरकडं जायचं, असं तुमच्या घरात कुणाचं झालंय का? तुमच्या आईचं, काकाचं, कुणाचंही? मग तुम्ही काय केलंत?